श्वासाचा स्नायू : व्हेंटिलेटरने जगवलेला आणि दुबळा केलेला

१९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनमध्ये, पोलिओची भीषण साथ पसरली. ब्लेगडॅम हे शहराचे सांसर्गिक रोगांचे रुग्णालय. तेथे श्वसनाला साहाय्य करणारी यंत्रे होती एकूण सात : टाकीच्या आकाराचे एक ‘आयर्न लंग’ आणि छातीवर बसवायची कवचासारखी सहा. साथीच्या ऐन भरात दिवसाला पन्नासच्या आसपास रुग्ण दाखल होत होते. पहिल्या तीन आठवड्यांत ज्या ३१ रुग्णांचा श्वास आणि गिळण्याची क्रिया रोगाच्या तावडीत सापडली, त्यांपैकी २७ दगावले.

आजच्या अतिदक्षता विभागाची जन्मकथा बहुधा येथूनच सांगितली जाते, आणि ती यंत्राची कथा म्हणून सांगितली जाते. तिच्या पोटात मात्र आणखी एक कथा आहे : श्वास घेणाऱ्या स्नायूची. तो स्नायू वैद्यकाच्या नजरेतून कसा निसटला आणि पुन्हा कसा सापडला, त्याविषयीचा हा धागा.

‘आयर्न लंग’ हे हार्वर्डच्या फिलिप ड्रिंकर आणि लुई अगासिझ शॉ यांनी १९२८ मध्ये बॉस्टनला वापरात आणलेले यंत्र. रुग्णाचे शरीर मानेपर्यंत टाकीत ठेवायचे आणि टाकीतील हवा ओढून घ्यायची. छाती फुगते आणि बाहेरची हवा नाकातोंडावाटे आत शिरते. हातपाय व छातीचे स्नायू लुळे पडलेल्यांना हे यंत्र तारून नेई. ज्यांना गिळताच येत नव्हते, त्यांची लाळ आणि कफ मात्र तेच यंत्र फुफ्फुसात ओढून नेई.

या रुग्णांच्या रक्तात बायकार्बोनेटचे प्रमाण फार वाढलेले आढळे आणि त्याचा अर्थ कोणाला लागत नव्हता. विभागप्रमुख लासेन यांनी २५ ऑगस्टला ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला चर्चेसाठी बोलावले. भूलतज्ज्ञाचे स्थान शस्त्रक्रियागृहात, असा तो काळ. इब्सेन यांना उत्तर सरळ दिसले : रुग्णांच्या शरीरात कार्बन डायऑक्साइड साठत आहे, कारण श्वास अपुरा पडतो आहे.

दोन दिवसांनी बारा वर्षांच्या एका मुलीवर त्यांनी आपली पद्धत वापरून दाखवली. गळ्याशी छेद घेऊन श्वासनलिकेत नळी बसवली आणि तिला रबरी पिशवी जोडली. परंतु गुदमरलेली मुलगी धडपडत होती. पिशवी दाबूनही हवा आत जाईना. तेव्हा इब्सेन यांनी तिला थायोपेंटलचे इंजेक्शन दिले. तिची धडपड थांबली, तिचा स्वतःचा श्वासही थांबला आणि मगच पिशवीची हवा फुफ्फुसात शिरू लागली. मुलगी वाचली. पुढील अर्ध्या शतकाचा पेच मात्र त्या एका इंजेक्शनात सामावलेला होता : बाहेरचा श्वास आत जावा, यासाठी आतला श्वास थांबवावा लागला होता.

पद्धत सापडली, पण ती राबवायला यंत्रे नव्हती. म्हणून माणसे आली. सुमारे १,५०० विद्यार्थी पाळ्या लावून रुग्णांच्या उशाशी बसले आणि हाताने पिशव्या दाबत राहिले. एका वेळी सत्तरपर्यंत रुग्ण असे ‘हाताच्या श्वासावर’ होते. साथ ओसरेपर्यंत या कामाचे एकूण १,६५,००० तास भरले. मृत्युप्रमाण सुमारे ८७ टक्क्यांवरून आधी ४० टक्क्यांच्या आसपास आणि पुढे आणखी खाली आले.

या व्यवस्थेची एक बाजू क्वचितच सांगितली जाते. त्यांतले पुष्कळ रुग्ण जागे असत. विद्यार्थी त्यांना पुस्तके वाचून दाखवीत, त्यांच्याशी खेळ खेळत. हवा कमी पडते आहे, हे रुग्ण डोळ्यांनी सुचवू शकत असे. शिवाय पिशवी दाबणाऱ्या हाताला समोरच्याचा स्वतःचा क्षीण श्वासही जाणवतो. तो परत येऊ लागला, की हाताने थोडे मागे सरायचे, एवढे शहाणपण कोणत्याही सूचनापत्रकाशिवाय येते.

श्वासाला व्यायाम हवा, ही जाणीव त्या काळी नवी नव्हती. लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयात विनिफ्रेड लिंटन या भौतिकोपचारतज्ज्ञ १९३० च्या दशकापासूनच फुफ्फुसांच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांना छातीचा एकेक भाग वेगळा फुगवण्याचे व्यायाम शिकवीत होत्या. अंथरुणात पडून राहणे हे औषध नसून दुखणे आहे, असे रिचर्ड अॅशर या इंग्रज डॉक्टरांनी १९४७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील एका खुसखुशीत लेखात बजावले होते. आणि १९५१ मध्ये कॅलिफोर्नियातील क्लॅरेन्स डेल यांनी पोलिओग्रस्तांच्या एका विलक्षण युक्तीची नोंद केली. जीभ आणि घसा यांच्या साहाय्याने हवेचे लहान लहान घोट फुफ्फुसात ढकलायचे, बेडूक करतो तसे. ही युक्ती रुग्णांनी स्वतःच शोधली होती. डॉक्टरांनी ती पाहिली आणि मग इतरांना शिकवली. ज्यांचे श्वासाचे स्नायू कायमचे गेले होते, अशी माणसे तिच्या बळावर काही तास यंत्राबाहेर काढू लागली.

पोलिओने मुंबईलाही अशीच निकड दाखवून दिली होती. १९५० च्या दशकाच्या आरंभी केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले, ते जागतिक आरोग्य संघटना, केंद्र सरकार आणि मुंबई महापालिका यांच्या सहकार्यातून. भारतात या व्यवसायाची पायाभरणी येथेच झाली.

मग यंत्रे आली. हवा दाबाने आत सोडणारे व्हेंटिलेटर १९५० च्या दशकात स्वीडनमध्ये आणि पाठोपाठ इतरत्र तयार होऊ लागले. विद्यार्थी वर्गात परतले. यंत्र थकत नसे, चुकत नसे; मात्र आरंभीच्या यंत्रांना रुग्णाच्या श्वासाची चाहूलही नसे. ते आपल्या तालाने हवा सोडी. रुग्णाचा ताल वेगळा असेल तर दोघांची झुंज होई. त्यावरचा सोपा इलाज म्हणजे रुग्णाला गुंगी देणे, प्रसंगी स्नायू शिथिल करणारे औषध देणे. यात कोणाचे क्रौर्य नव्हते. फुफ्फुसे खरोखरच कडक झालेल्या रुग्णांचे प्राण या मार्गाने वाचले. पण अपवादाची रीत झाली. यंत्रावरचा रुग्ण म्हणजे निजवलेला रुग्ण, हे समीकरण रूढ झाले.

अमेरिकेतील डेन्व्हरचे थॉमस पेटी हे या क्षेत्राच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक. त्यांनी १९९८ मध्ये एका संपादकीयात खंत व्यक्त केली. १९६४ मध्ये त्यांनी आपला विभाग सुरू केला, तेव्हा व्हेंटिलेटरवरचे रुग्ण जागे असत, कित्येकदा खुर्चीत बसलेले असत. आता वॉर्डात फेरी मारावी तर निश्चल देह दिसतात. ते जिवंत आहेत, हे पडद्यावरील रेषांवरूनच कळते, असा त्यांच्या लिखाणाचा आशय होता.

खंतीला पुरावा लवकरच मिळाला. शिकागोच्या जॉन क्रेस आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये १२८ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला : गुंगीचे औषध रोज एकदा थांबवून रुग्णाला जागे होऊ दिले, तर व्हेंटिलेटरवरचा काळ ७.३ दिवसांवरून ४.९ दिवसांवर येतो. २००३ मध्ये टोरंटोच्या मार्गारेट हेरिज यांनी गंभीर श्वसनविकारातून वाचलेल्या १०९ जणांचा वर्षभर मागोवा घेतला. वर्ष उलटल्यावर त्यांची फुफ्फुसे बऱ्याच अंशी सावरली होती, पण सहा मिनिटांत जेवढे चालणे अपेक्षित, त्याच्या दोनतृतीयांशच अंतर ते चालू शकत. अडवीत होती ती मुख्यतः स्नायूंची दुर्बलता.

आणि श्वासपटल? छाती आणि पोट यांच्यामधला हा घुमटाकार स्नायू दिवसाला वीस हजारांच्या आसपास वेळा आकुंचन पावतो, झोपेतही. शरीरातील इतर स्नायूंना विश्रांती ठाऊक आहे. याला ती हृदयाइतकीच अनोळखी. म्हणूनच सॅनफर्ड लेव्हाइन आणि सहकाऱ्यांचा २००८ चा निष्कर्ष धक्कादायक ठरला. मेंदुमृत झालेल्या १४ अवयवदात्यांच्या श्वासपटलाचे नमुने त्यांनी तपासले. हे दाते १८ ते ६९ तास व्हेंटिलेटरवर होते आणि त्यांचे श्वासपटल त्या काळात पूर्ण निष्क्रिय होते. तुलनेला होते शस्त्रक्रियेपुरते दोनतीन तास यंत्रावर राहिलेले आठ जण. दात्यांच्या श्वासपटलातील तंतूंचे छेदक्षेत्रफळ निम्म्याहूनही कमी भरले : मंद तंतू ५७ टक्क्यांनी, तर जलद तंतू ५३ टक्क्यांनी बारीक. त्याच माणसांच्या छातीच्या मोठ्या स्नायूत तशी झीज नव्हती. म्हणजे दोष आजाराचा किंवा उपासमारीचा नव्हता. पायाच्या स्नायूला प्लास्टरमध्ये आठवडे लागतात, तेवढी हानी श्वासपटलाने तीन दिवसांच्या आत सोसली होती.

यानंतर भौतिकोपचार पुन्हा खाटेपाशी आला. विल्यम श्वाइकर्ट यांच्या २००९ च्या अभ्यासात १०४ रुग्णांपैकी निम्म्यांना व्हेंटिलेटर लावल्यापासून पहिल्या काही दिवसांतच, गुंगी थांबवून, हालचाल करवली गेली. रुग्णालयातून घरी जाताना त्यांतले ५९ टक्के स्वतःची कामे स्वतः करू शकत होते. नेहमीच्या उपचारगटात हेच प्रमाण ३५ टक्के होते. श्वासाच्या स्नायूंना थेट व्यायाम देण्याचा प्रयोग फ्लोरिडात डॅनियल मार्टिन यांनी २०११ मध्ये मांडला. यंत्रापासून सुटका होत नसलेल्या ६९ रुग्णांना तो देण्यात आला. एका गटाच्या नळीला स्प्रिंगची झडप जोडायची. ठरावीक जोर लावल्याशिवाय ती उघडत नाही. सहा ते दहा श्वासांचे चार फेरे, आठवड्यातून पाच दिवस. वजन उचलण्याचा व्यायामच, फक्त वजन हवेचे. या गटातील ७१ टक्के रुग्ण यंत्रातून सुटले, नुसते दिखाऊ उपकरण दिलेल्यांतील ४७ टक्के.

येथे थोडे सावध व्हायला हवे, कारण नव्या उत्साहाचीही रीत होऊ शकते. २०२२ मध्ये सहा देशांतील ७५० रुग्णांवर झालेल्या चाचणीत नेहमीपेक्षा अधिक हालचाल करवली गेली, रोज सुमारे ९ मिनिटांऐवजी २१ मिनिटे. १८० दिवसांनंतर पाहता रुग्णालयाबाहेर जिवंत राहिलेल्या दिवसांत फरक दिसला नाही. हृदयाचे ठोके बिघडणे, प्राणवायू घटणे असे त्रास मात्र ९.२ टक्के रुग्णांना झाले, तर नेहमीच्या उपचारगटात ४.१ टक्क्यांना.

श्वासपटलाबाबतही असाच मधला मार्ग दिसतो. टोरंटोच्या इवान गॉलिहर यांच्या गटाने सोनोग्राफीने व्हेंटिलेटरवरील रुग्णांच्या श्वासपटलाची जाडी दिवसेंदिवस मोजली. यंत्राने सारे काम उचलले त्यांचे पटल पातळ होत गेले. ज्यांना फार कष्ट पडले त्यांचे जाड झाले. दोन्ही गट यंत्रावर अधिक काळ राहिले. सर्वांत लवकर सुटले ते, ज्यांचा स्वतःचा प्रयत्न निरोगी माणसाच्या शांत श्वासाइतका चालू होता. तो प्रयत्न आज पडद्यावर मोजतात.