उत्तरांवाचून राहिलेले २०८७ प्रश्न

१९१२ साली, झारच्या अमलाखालील युक्रेनमध्ये, व्होलिन आणि पोडोलिया प्रांतांतल्या ज्यू वस्तीच्या गावांतून एक शोधपथक हिंडू लागले. त्याचे प्रमुख होते श्लोयमे रापोपोर्ट. ‘अन्स्की’ या टोपणनावाने ते लिहीत. तरुणपणी ते डोनेट्स खोऱ्यातील खाणकामगारांत राहिले होते. लोकांत राहून त्यांचे ऐकायचे, हा धडा त्यांना रशियन लोकवादी चळवळीने दिला. पन्नाशीच्या उंबरठ्यावर तोच धडा त्यांनी स्वतःच्या, यिडिश बोलणाऱ्या समाजासाठी वापरला.

खर्चाचा मोठा वाटा बॅरन व्लादिमिर गिन्झबर्ग यांनी उचलला. सोबतीला संगीतकार योएल एंगेल आणि छायाचित्रकार सोलोमन युदोविन होते. मेणाच्या नळकांड्यांवर गाणी मुद्रित झाली. कथा, म्हणी, जुनी हस्तलिखिते जमली. जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या आणि त्यापलीकडच्याही समजुती विचारणारी २०८७ प्रश्नांची यिडिश प्रश्नावली तयार झाली. तिचे संपादन केले लेव्ह श्टर्नबर्ग यांनी. साखालिन बेटावरील निव्ख लोकांचे हे अभ्यासक. पण १९१४ साली महायुद्ध पेटले आणि प्रश्नावली गावोगाव फिरलीच नाही. पुढे नाझींनी उत्तरे देणारी माणसेच मारली.

उरले ते मुद्रण. क्यीवमध्ये मोइसेई बेरेगोव्स्की यांनी हे काम १९२९पासून पुढे नेले. १९३५ साली त्यांनी ज्यू आणि युक्रेनियन लोकसंगीताच्या परस्पर देवाणघेवाणीवर निबंध लिहिला. १९५० साली स्टालिनच्या राजवटीने त्यांना अटक केली. नळकांडी मात्र क्यीवच्या व्हर्नाद्स्की ग्रंथालयात टिकली. २००५ साली युनेस्कोने या संग्रहाची ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत नोंद केली.

या इतिहासातून मला एक गोष्ट ठळक दिसते. हसिदी पंथाच्या काही गाण्यांत यिडिश, हिब्रू आणि युक्रेनियन एकाच कडव्यात नांदतात. नुसती हिब्रू जाणणाऱ्याला त्यातला देव कळेल, पण गुराख्याची चाल निसटेल. नुसती युक्रेनियन जाणणाऱ्याचे उलट होईल. तरीही स्लाव्ह विद्या आणि ज्यू विद्या यांचे विभाग बहुधा वेगळे, अभ्यासक्रम वेगळे, शिष्यवृत्त्याही वेगळ्या. दोन्ही भाषा शिकायला लागणारी जास्तीची वर्षे कोणाच्याच हिशेबात बसत नाहीत.

अशा अभ्यासाला आधार देणे म्हणजे नुसते प्रवासखर्च देणे नव्हे, असे माझे मत आहे. तरुण अभ्यासकाला दुसरी, तिसरी भाषा शिकण्याची सवड आणि जुन्या दफ्तरांची देखभाल करणाऱ्याला पगार, या दोन गोष्टी आधी हव्यात. अन्स्कींच्या प्रश्नांना उत्तर देणारे आता भेटणार नाहीत. पण त्या नळकांड्यांवर काही आवाज अजून आहेत आणि ते एकाहून अधिक भाषांत गातात. ते समजून घेणारे कान तयार करणे अजून आपल्या हातात आहे.