खाडीपलीकडची आगगाडी

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून सुटलेली पहिली प्रवासी आगगाडी ठाण्यास आली. साहिब, सिंध व सुलतान या तीन वाफेच्या इंजिनांना १४ डबे जोडलेले होते. आत सुमारे ४०० निमंत्रित होते. निघताना २१ तोफांची सलामी झडली. ना बैल, ना घोडा! भय आणि भक्ती यांच्या मिश्रणातून लोकांनी इंजिनास ‘चाक्या म्हसोबा’ म्हटले.

हा मान ठाण्याचा खराच. कळव्याचा काठ मात्र त्या दिवशी खाडीपलीकडेच राहिला. खाडीवर पूल उभारून १ मे १८५४ रोजी लोहमार्ग कल्याणपर्यंत खुला झाला, तेव्हा कळव्याच्या भूमीने वाफेचे इंजिन पाहिले. या दिवसाचे स्मरण फारसे कोणी करीत नाही. वस्तुतः खाडी ओलांडल्यावरच आगगाडीला घाटाची व देशाची वाट मोकळी झाली.

पुढे १९१६ मध्ये पारसिकचा बोगदा झाला आणि डोंगराचा वळसा वाचला. साहिब, सिंध, सुलतान यांपैकी एकही इंजिन जतन झाले नाही. कळवा-मुंब्र्याची लोकल मात्र आजही खाडीकाठानेच वळसा घेत जाते.