कमरेतली सुई, गुडघ्यातली सुई

पुणे जिल्ह्यातल्या आमच्या केंदूरात गुडघा धरला की निर्गुडीचा शेक, मग बिब्बा, आणि तरी उतार पडला नाही तर डाग. आजीच्या दोन्ही गुडघ्यांवर ते गोल वण होते. माझ्या लहानपणी डाग मागे पडला नि सुई आली. कांद्याच्या लावणीत दिवसभर ओणव्यानं अवघडलेल्या बाया संध्याकाळी कमरेत इंजेक्शन घ्यायच्या, सकाळी पुन्हा वाफ्यात. आरोग्यसेविका झाल्यावर मी कुपीवरचं नाव वाचलं: डेक्सामेथासोन, सूज उतरवणारं स्टेरॉइड.

या घराण्यातलं पहिलं औषध कॉर्टिसोन. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये २१ सप्टेंबर १९४८ला फिलिप हेंच यांनी आमवातानं खिळलेल्या एका तरुणीच्या स्नायूत ते टोचलं आणि काही दिवसांतच ती चालू लागली. हेंच यांना १९५०चं नोबेलही मिळालं. पण चेहरा सुजतो, मन बिघडतं, औषध थांबलं की दुखणं उसळतं, हेही त्याच डॉक्टरांना दिसलं. म्हणून मला १९५१ साल मोलाचं वाटतं. त्या वर्षी फिलाडेल्फियाच्या जोसेफ हॉलंडर यांनी हायड्रोकॉर्टिसोन थेट सांध्यात दिल्याचे निष्कर्ष मांडले. जिथं सूज तिथंच औषध, बाकी अंगाला झळ कमी.

आमच्या वाट्याला मात्र कितीतरी वर्षं कमरेतलीच सुई आली. सांध्यात टोचायला जाणता हात लागतो, आत जंतुसंसर्ग नाही याची खात्री लागते. त्यासाठी पुणं गाठायचं, म्हणजे रोज बुडणार. वरचेवर सुया घेऊन चेहरा गोल झालेल्या, साखर चढलेल्या बाया मी पाहिल्यात. त्यांना बोल लावायला माझी जीभ रेटत नाही.

आमच्याच जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूनं घरोघर पाहणी केली. चार हजारांवर प्रौढांत सुमारे १८ टक्के लोकांचे सांधे किंवा स्नायू दुखत होते. आमवात दोनशेत एखाद्याला, सांध्यांच्या झिजेचा त्रास त्याच्या दहापट. आणि झिजेत तर सांध्यातल्या सुईचा आरामही थोड्या आठवड्यांचाच. २०१७ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दर तीन महिन्यांनी, दोन वर्षं गुडघ्यात स्टेरॉइड दिलेल्यांची कूर्चा मिठाचं पाणी टोचलेल्यांपेक्षा जास्त झिजली, दुखणं मात्र त्यांच्याहून कमी झालं नाही.

लावणीच्या दिवसांत मी अजून वाफ्यावर जाते आणि बायांना सांगते: सुई घ्याल तर औषधाचं नाव कागदावर लिहून मागा, साखर असेल तर आधी बोला, आणि मागची सुई कधी घेतली ते डॉक्टरांपासून लपवू नका.