अन्न, मद्य आणि अनुपान

युरोपांत अमुक प्रांताच्या पांढऱ्या द्राक्षमद्याबरोबर अमुक मत्स्यान्न घ्यावें असा परिपाठ आहे. तसा कांहीं विचार आपल्या जुन्या ग्रंथांत आढळतो काय, असा प्रश्न एका पोथीसंग्राहक स्नेह्यांनीं प्रस्तुत लेखकास केला. विचार आढळतो, परंतु कांहीं शब्दांच्या अर्थाविषयीं घोटाळा होत असल्यामुळें तो हातीं लागत नाहीं. त्या घोटाळ्याचें निरसन करणें एवढाच या टिपणाचा हेतु आहे.

प्रथम प्रांताविषयीं. कापिशी नगरी काबूलच्या उत्तरेस, हल्लींच्या बेग्राम येथें होती. तेथें १९३७ व १९३९ सालीं फ्रेंच संशोधकांना हस्तिदंती कोरीवकाम व कांचपात्रें सांपडलीं. या नगरीच्या नांवावरून 'कापिशायन' शब्द साधण्याकरितां पाणिनीनें स्वतंत्र सूत्र (४.२.९९) केलें, आणि काशिकेंत त्याचीं उदाहरणें म्हणून तेथील मद्य व तेथील द्राक्षें हींच दिलीं आहेत. कौटिल्यानें सुराध्यक्षप्रकरणांत (२.२५) द्राक्षरसाच्या मद्यास 'मधु' म्हटलें असून, त्याचीं कापिशायन व हारहूरक हीं नांवें देशावरून पडल्याचें सांगितलें आहे. अर्थात् मद्य प्रदेशाच्या नांवानें ओळखण्याची रीत संस्कृत वाङ्मयास अपरिचित नव्हती.

येथें दोन चुका संभवतात. 'मधु' म्हणजे मध असें समजणें ही पहिली. त्याच प्रकरणांत गृहस्थांना उत्सवप्रसंगीं 'श्वेतसुरा' करण्याची मोकळीक आहे. तीस पांढरें द्राक्षमद्य मानणें ही दुसरी. सुरा पिष्टाची, मधु द्राक्षांचें. मधूचे भेद कौटिल्यानें देशावरून केले आहेत, रंगावरून नव्हेत.

आतां अन्नाविषयीं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत, शेहेचाळिसाव्या अध्यायांत, कोणत्या मांसावर कोणतें आसव घ्यावें याची लांबलचक याद आहे. नदीच्या मत्स्यांवर मृणालाचें, म्हणजे कमळाच्या देठाचें. समुद्राच्या मत्स्यांवर मातुलुंगाचें, म्हणजे महाळुंगाचें. पाण्यावर तरंगणाऱ्या पक्ष्यांच्या मांसावर उसाच्या रसाचें. गोड्या व खाऱ्या पाण्यांतील मत्स्यांना निरनिराळीं पेयें नेमण्याइतकी ही योजना बारीक आहे. वाग्भटानेंहि मांसावर व मंदाग्नीवर मद्य, कृशास पुष्टीकरितां सुरा आणि स्थूलास मधूदक सांगितलें आहे. मात्र या योजनेंत कसोटी जिभेची नसून जठराग्नीची व देहप्रकृतीची आहे. युरोपीय परिपाठाशीं तिचें साम्य दाखवितांना हा भेद झांकून ठेवणें सत्यास धरून होणार नाहीं.

या सर्व योजनेस ग्रंथकारांनीं 'अनुपान' हें नांव दिलें आहे, आणि घोटाळ्याचें मूळ येथेंच आहे. आपल्या नित्याच्या मराठींत अनुपान म्हणजे औषध ज्याबरोबर घ्यावयाचें तें मध, तूप किंवा दूध. संहितांत मात्र अन्नामागून घ्यावयाचें पेय असाहि त्याचा अर्थ आहे. प्रस्तुत लेखकानें स्वतःच एक सुटें पान, आरंभीं 'अनुपान' शब्द दिसला एवढ्यावरून, औषधांची याद म्हणून कित्येक वर्षें बाजूस ठेविलें होतें. पुढें सहज वाचलें तों डाव्या बाजूस एकहि औषध नाहीं. सर्व मत्स्यांचीं व पक्ष्यांचीं नांवें! चाळीस वर्षें मुलांना संस्कृत शिकविलेल्या मनुष्याची ही चूक. म्हणून ती येथें मुद्दाम नमूद केली आहे.

सबब संग्राहकांस विनंति कीं, वैद्यकाच्या बाडांतील अशा पानांवर 'औषधींची याद' असा शेरा मारण्यापूर्वीं पेयाच्या शेजारीं औषध आहे कीं अन्न आहे, हें अवश्य पाहावें. एकदां चुकीचा शेरा पडला कीं भोजनाच्या इतिहासाचा अभ्यासक त्या पानापर्यंत पोंचतच नाहीं.

शेवटीं एक गोष्ट. इतकीं आसवें सांगूनहि सर्व अनुपानांत उत्तम म्हणून सुश्रुतानें जें निवडलें, तें आकाशांतून पडलेलें पावसाचें पाणी होय.