तारामती ते वागळे : दुर्गा खोटे यांची सहा दशके

१/ अलिबागहून दक्षिणेकडे निघालेला रस्ता रेवदंड्याजवळ कुंडलिकेची खाडी ओलांडतो, कोर्लईच्या किल्ल्याला बगल देतो आणि सुरूच्या बनांतून काशीदच्या पांढऱ्या वाळूपाशी येऊन पोहोचतो. पुढे मुरूड. हा प्रवास जेमतेम पन्नास किलोमीटरांचा. परंतु त्याच्या दोन्ही टोकांना भारतीय चित्रपटाची दोन नावे उभी आहेत.

२/ मुरूडला १९५१ साली नाना पाटेकर यांचा जन्म झाला. उपयोजित कला शिकून रंगभूमीवर आणि तिथून पडद्यावर गेलेला हा नट सर्वांना परिचित आहे. दुसऱ्या टोकाच्या, अलिबागच्या, नावाचा मात्र तरुण वाचकांना बहुधा विसर पडलेला असतो. दुर्गा खोटे यांनी आयुष्याचा अखेरचा काळ अलिबागला घालवला. ही कथा त्यांची.

३/ आरंभ मात्र त्यांच्या जन्मानंतर आठ वर्षांनी घडलेल्या एका घटनेपासून करावा लागतो. १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना. अखेर एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाला लुगडे नेसवून राणी करण्यात आले.

४/ त्याच वर्षी फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी पडद्यावर पाऊल ठेवले, हे खरे. पण ‘घरंदाज’ म्हणवणाऱ्या वर्गाचे दार त्यानंतरही दीर्घकाळ बंदच राहिले.

५/ दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ चा. माहेरचे नाव विठा लाड. मुळे गोव्यातली, वास्तव्य मुंबईत, शिक्षण कॅथीड्रल शाळेत आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयात. विवाह संपन्न खोटे घराण्यात झाला. पुढे त्या घराचे आर्थिक दिवस पालटले. बकुल आणि हरीन हे दोन मुलगे लहान होते. शिकलेली सून घरासाठी पैसे मिळवू पाहू लागली, तेव्हा चित्रपट हा तिच्यापुढचा एक मार्ग होता आणि तोच सर्वांत बदनाम होता.

६/ १९३१ साली मोहन भवनानींच्या ‘फरेबी जाल’मध्ये त्यांनी छोटी भूमिका केली. चित्रपट झळकताच टीकेची झोड उठली. लाडांची लेक, खोट्यांची सून आणि असल्या चित्रपटात! एवढ्यावरच ही कारकीर्द आटोपली असती, तरी त्या काळाला नवल वाटले नसते.

७/ परंतु तो चित्रपट व्ही. शांताराम यांनी पाहिला. कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीच्या पहिल्या बोलपटासाठी ते नायिकेच्या शोधात होते. एकदा पोळलेल्या दुर्गाबाई सहजासहजी तयार झाल्या नाहीत. होकार मिळाला आणि १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ प्रदर्शित झाला. हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे. तारामती झाल्या दुर्गाबाई.

८/ एकोणीस वर्षांपूर्वी ज्या भूमिकेसाठी बाई मिळत नव्हती, तीच ही भूमिका. बोलपटाला शुद्ध वाणी लागे. पार्श्वगायन रुळलेले नसल्याने नटांना स्वतःच गावे लागे. दुर्गाबाईंचे शिक्षण आणि संस्कार, ज्यांच्या आधारे कालपर्यंत त्यांना दूषणे दिली जात होती, तेच आता बोलपटाचे भांडवल ठरले.

९/ यानंतरचा त्यांचा निर्णय अभिनयाइतकाच महत्त्वाचा आहे. त्या काळी कलावंत कंपनीचा मासिक पगारदार असे. दुर्गाबाई प्रभातशी जवळीक राखूनही एका कंपनीला बांधून राहिल्या नाहीत. कलकत्त्याला देवकी बोस यांच्याकडे ‘राजरानी मीरा’ (१९३३) आणि ‘सीता’ (१९३४) केले. स्वतंत्रपणे करार करणाऱ्या भारतातील पहिल्या काही कलावंतांत त्यांची गणना होते. ठरावीक पगाराची हमी सोडणे हे दोन मुलांच्या आईने पत्करलेले धाडस होते.

१०/ १९३६ साली त्या पुन्हा शांतारामांकडे आल्या. ‘अमर ज्योती’तील सौदामिनीला कायदा तिच्याच मुलाचा ताबा नाकारतो, आणि ती सागरावर चाचेगिरी करणाऱ्यांची नायिका बनते. सिद्दीच्या आरमाराच्या कथा ऐकत वाढलेल्या जंजिऱ्याच्या किनाऱ्याला समुद्री लुटारू नवे नव्हते. पण जहाजावर उभी राहून न्यायमंत्र्यालाच जाब विचारणारी बाई पडद्याला नवी होती. हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवातही दाखवला गेला.

११/ पुढच्याच वर्षी ‘साथी’ची निर्मिती आणि दिग्दर्शन त्यांनी स्वतः केले. स्त्री-दिग्दर्शक हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याही नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट. मग आचार्य अत्रे यांचा ‘पायाची दासी’ (१९४१), विजय भट्ट यांचा ‘भरत मिलाप’ (१९४२), शिवाय मराठी रंगभूमी. शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’मध्ये, म्हणजे ‘मॅकबेथ’च्या मराठी अवतारात, राणीची भूमिका त्यांचीच.

१२/ एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. ‘सीता’मध्ये त्यांच्यासमोर राम होते पृथ्वीराज कपूर. सव्वीस वर्षांनी, १९६० च्या ‘मुघल-ए-आझम’मध्ये, तेच अकबर आणि त्याच जोधाबाई! पुढे पृथ्वीराजांचे चिरंजीव राज कपूर यांच्या ‘बॉबी’त (१९७३) त्या नायिकेची आजी झाल्या. ‘बिदाई’साठी (१९७४) सहाय्यक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यांनी सत्तरीला हात लावला होता. १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कारही त्यांनाच जाहीर झाला. ज्या फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती, त्यांच्या नावाचा सन्मान पुढच्या तारामतीकडे आला.

१३/ बहुतेक चरित्रलेख इथे थांबतात. वास्तविक तिची दुसरी कारकीर्द याच काळात समांतर चालू होती. १९५२ साली, सत्तेचाळिसाव्या वर्षी, दुर्गाबाईंनी ‘फॅक्ट फिल्म्स’ स्थापन केली. पुढे ‘दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स’. अनुबोधपट, लघुपट, जाहिरातपट अशी कामे या संस्थांनी केली. या कामात टाळ्या नव्हत्या. अंदाजपत्रक, वेळापत्रक आणि ग्राहकाची मर्जी सांभाळणे होते. नायिकेच्या भूमिका वयाबरोबर संपतात, हे ओळखून बाईंनी आपल्या पायाखाली वेगळी जमीन तयार केली होती.

१४/ म्हणूनच दूरदर्शनवर मालिकांचे युग आले, तेव्हा ही संस्था सज्ज होती. १९८८ साली आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून ‘वागले की दुनिया’ अवतरली. दिग्दर्शन कुंदन शाह यांचे, निर्मिती ‘दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स’ची. राजे नाहीत, राणी नाही. महिनाअखेरीची चिंता करणारा एक कारकून, अंजन श्रीवास्तव, आणि त्याची पत्नी, भारती आचरेकर.

१५/ २२ सप्टेंबर १९९१ रोजी दुर्गाबाईंचे निधन झाले. मराठीत लिहिलेले त्यांचे आत्मचरित्र ‘मी, दुर्गा खोटे’ या नावाने उपलब्ध आहे. शांता गोखले यांनी ते इंग्रजीत नेले. आणि २०२१ साली वागळे कुटुंब नव्या पिढीसह छोट्या पडद्यावर परतले, तेव्हा थोरले वागळे दाम्पत्य पुन्हा अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर हेच होते.