शांतिसागरावरील मुक्काम

होसकोटे या कानडी नावाचा अर्थ नवा कोट. बंगळूरहून कोलारकडे जाणाऱ्या वाटेवरील हे गाव मराठी वाचकास परके नाही. १६३८ नंतर विजापूर दरबाराने शहाजीराजांना कर्नाटकात जी जहागीर दिली, तीत बंगळूर आणि कोलार यांच्यासमवेत होसकोटेही होते. पुढे १७६८ च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांना येऊन मिळालेले गुत्तीचे मुरारराव घोरपडे यांची छावणी येथे पडली असता हैदरअलीने तिच्यावर रात्री छापा घातला आणि तो फसला. अशा छावणीचे नाव बखरींत आणि पत्रव्यवहारांत उरते, जमिनीवर मात्र नाही. घोड्यांचे खुंट, चुलींची राख, तंबूंच्या मेखा यांना चार पावसाळेही पुरेसे असतात.

याच होसकोट्यात आज भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे एक केंद्र आहे. लडाखमधील हान्ले येथे, साडेचार हजार मीटर उंचीवर उभी असलेली दोन मीटर व्यासाची ‘हिमालयीन चंद्र दुर्बीण’ उपग्रहाच्या दुव्याने येथूनच चालविली जाते. नावातील ‘चंद्र’ हा आकाशातला नव्हे. तो सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाचा अंश आहे. तथापि ही दुर्बीण आकाशातल्या चंद्राकडे वळवली आणि वातावरणाचा कंप मुळीच नाही असे धरले, तरी तिला तेथील सुमारे सव्वाशे मीटरांहून लहान वस्तू वेगळी ओळखता येणार नाही. प्रत्यक्षात हवेच्या हेलकाव्यामुळे ही मर्यादा किलोमीटरपर्यंत जाते. मानव प्रथम ज्या यानातून चंद्रावर उतरला, त्याचा मागे राहिलेला खालचा भाग पाय धरून जेमतेम साडेनऊ मीटर रुंद आहे. म्हणजे जगातला सर्वांत प्रसिद्ध मुक्काम येथून दिसत नाही, आणि पृथ्वीवरील याहून मोठ्या दुर्बिणींनाही तो दिसत नाही.

हा मुक्काम शांतिसागर या नावाच्या लाव्ह्याच्या मैदानावर, चंद्राच्या विषुववृत्ताच्या किंचित उत्तरेस आहे. जागा निवडताना काव्याचा विचार नव्हता. विषुववृत्तालगत उतरल्यास इंधन वाचत होते. मैदान सपाट होते. शिवाय १९६७ साली ‘सर्व्हेयर ५’ हे निर्मनुष्य यान याच मैदानावर उतरून जमीन वजन पेलते हे दाखवून गेले होते. २१ जुलै १९६९ रोजी, भारतात पहाटेचे पावणेदोन वाजून गेले असता, नील आर्मस्ट्राँग आणि एडविन आल्ड्रिन यांचे ‘ईगल’ तेथे टेकले. संगणक त्यास खडकांनी भरलेल्या एका विवराकडे नेत होता. आर्मस्ट्राँगने सूत्रे हाती घेऊन यान पलीकडे नेले. ठरलेल्या बिंदूपासून ते कित्येक किलोमीटर पुढे गेले. परिणामी आपण नेमके कोठे आहोत हे उतरणाऱ्यांना सांगता येईना, आणि वर कक्षेत फिरणाऱ्या मायकेल कॉलिन्सलाही दुर्बिणीतून ‘ईगल’ सापडले नाही. सारे जग ज्या जागेचे नाव घेत होते, तिचा पत्ता त्या दिवशी कोणापाशीही अचूक नव्हता, ही गोष्ट उत्सवाच्या वर्णनांत सहसा येत नाही.

चंद्रभूमीवरील वावर अडीच तासांचा. एकूण मुक्काम साडेएकवीस तासांहून थोडा अधिक. साडेएकवीस किलो खडक व माती बरोबर घेतली गेली. त्या वर्षाच्या ऑक्टोबरात तिघेही चांद्रवीर मुंबईस येऊन गेले. चांद्रमातीचे कणही पुढे मुंबईत आले: टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल यांच्या गटाने अपोलोच्या नमुन्यांत वैश्विक किरणांनी कोरलेल्या सूक्ष्म रेषांचा अभ्यास केला. माणसांच्या स्वागताइतका गाजावाजा मातीचा झाला नाही. ज्ञान मात्र तिनेच अधिक दिले.

मागे राहिले ते यानाचे बूड, चंद्रकंपमापक, लेसर किरण परतविणारा आरसा, टाकून दिलेले सामान आणि पाऊलखुणा. निघतानाच्या झोताने ध्वज आडवा झाल्याचे आल्ड्रिनने पाहिले. आरसा अजूनही काम देतो. वारा व पाऊस नसल्याने तेथील झीज अतिसूक्ष्म उल्कांच्या मारापुरतीच आहे, आणि तिची गती दहा लक्ष वर्षांना मिलिमीटरभर अशी सांगतात. २००९ पासून अमेरिकेच्या चंद्रपरिक्रमा यानाने घेतलेल्या चित्रांत आर्मस्ट्राँग साठेक मीटरांवरील एका लहान विवरापर्यंत गेला ती पायवाट स्पष्ट दिसते. २०२१ साली चांद्रयान-२ च्या कॅमेऱ्यानेही हा तळ टिपला. शंभर किलोमीटर उंचीवरून पाव मीटरपर्यंतचा तपशील तो घेऊ शकतो. होसकोट्यातून जे दिसत नाही ते बंगळूरच्या दुसऱ्या बाजूस, ब्यालाळूच्या अँटेनांमध्ये उतरते.

निसर्गापासून भय नाही, माणसापासून आहे. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो १२ हे ‘सर्व्हेयर ३’ पासून दीडशे मीटरांच्या आसपास उतरले. त्या जुन्या यानाचे जे सुटे भाग परत आणले गेले, त्यांवर झोताने उडालेल्या धुळीचे ओरखडे आढळले. उद्या कोणी शांतिसागरावर दर्शनासाठी म्हणून उतरले, तर दर्शनाचा विषयच पुसला जाण्याचा संभव आहे. २०११ साली नासाने या तळाभोवती पंचाहत्तर मीटरांचे वर्ज्य क्षेत्र सुचविले. ती सूचनाच होती. तो कायदा नव्हे. १९६७ च्या अवकाश करारानुसार चंद्राची भूमी कोणाही राष्ट्राची नाही. वस्तू मात्र त्या पाठविणाऱ्याच्याच राहतात. यानाचे बूड अमेरिकेचे, पण त्याखालची माती आणि तीत उमटलेले पाऊल कोणाचेच नाही. वारसा जपण्याचे कलम असलेल्या आर्टेमिस करारनाम्यावर भारताने जून २०२३ मध्ये सही केली. चीन व रशिया त्यात नाहीत, आणि त्याच्या मागे दंडशक्तीही नाही.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, २३ ऑगस्ट रोजी, बंगळूरहून नियंत्रित होणारे ‘विक्रम’ चंद्राच्या दक्षिण भागात उतरले. त्या जागेस दिलेले ‘शिवशक्ती’ हे नाव आंतरराष्ट्रीय खगोल संघाने मार्च २०२४ मध्ये मान्य केले, आणि शांतिसागरावरील तळाप्रमाणेच त्याच्या आधी ‘स्तातिओ’ हा स्थानवाचक लॅटिन शब्द लागला. ‘विक्रम’ व ‘प्रज्ञान’ तेथेच उभे आहेत. चाकांच्या खुणा मातीत आहेत, आणि त्यांच्याभोवती पंचाहत्तर मीटरांची रेघ अद्याप कोणी सुचविलेली नाही.