बाईचं म्हातारपण : एक न लिहिलेला इतिहास



विहाराचा वर्धापनदिन आला की आपण इतिहास लिहितो. त्यात सभा येतात, सत्याग्रह येतात, पुढाऱ्यांची नावे येतात. पण भाकर बांधून, लेकरू कडेवर घेऊन मोर्चात चाललेली बाई पुढे म्हातारी झाली, तेव्हा तिचं काय झालं, हे कोणी लिहीत नाही. तथागतांनी जरा हे दुःख सांगितलं ते सर्व माणसांसाठी. तरी पुरुषाचं म्हातारपण आणि बाईचं म्हातारपण समाजानं सारखं ठेवलेलं नाही. हा फरक निसर्गानं केलेला नाही. कामाची आणि मालकीची नोंद कोणाच्या नावावर होते, त्यातून तो आला आहे.

बुद्धकाळातल्या सोणा थेरीला दहा लेकरं होती, म्हणून तिला बहुपुत्तिका म्हणत. अट्ठकथा सांगते की तिनं सगळी संपत्ती मुलांना वाटून दिली आणि मग घरात तिची किंमत राहिली नाही. उतारवयात ती भिक्षुणी संघात आली. भगवंतांनी तिला उद्योगी, वीर्यवान भिक्षुणींमध्ये अग्रस्थान दिलं. घरात तिचा मान संपत्तीवर होता. संघात तो तिच्या स्वतःच्या प्रयत्नावर मिळाला.

आता आपल्या चळवळीकडे या. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्षा होत्या सुलोचनाबाई डोंगरे. परमपूज्य बाबासाहेब तिथे बोलले. त्या परिषदेत घटस्फोटाचा हक्क आणि बहुपत्नीत्वाची बंदी हे ठराव झाले, हे बऱ्याच जणांना माहीत आहे. पण गिरणी, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेतल्या कामगार बायांना २१ दिवसांची किरकोळ रजा, इजा झाल्यास भरपाई आणि नोकरीनंतर पेन्शन मिळावी, असाही ठराव त्या बायांनी केला होता. तेव्हा आपलं सिल्लोड निजामाच्या राज्यात होतं. म्हातारपणी दया नको, केलेल्या कामाचा हक्क पाहिजे, हे आपल्या माय-बहिणींनी तेव्हाच सांगितलं होतं. आम्हा गिरणीतल्या माणसांना हा ठराव पाठ पाहिजे.

पुढे हिंदू कोड बिल रखडलं म्हणून १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं. १९५६ च्या वारसा कायद्यानं बाईला मालमत्तेची पूर्ण मालकी दिली. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. पण ज्या घरात जमीनच नाही, तिथे वाटा कशाचा मागायचा? म्हणून १९५९ आणि १९६४ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. बायाही तुरुंगात गेल्या. पुढे जिथे जमीन मिळाली, तिथेही सातबारावर बाईचं नाव किती ठिकाणी लागलं, हे प्रत्येकानं आपल्या घरात तपासावं.

कारखान्यात प्रॉव्हिडंट फंड १९५२ च्या कायद्यानं आला, कामगारांची पेन्शन योजना १९९५ साली. शेतात राबणारी बाई या दोन्हींच्या बाहेर राहिली. आपल्या भागात कापसाची वेचणी किलोवर असते. हात मंदावला की मजुरी कमी. आणि घरात तर बाई कधी रिटायर होतच नाही. सून कामाला गेली की चूल, पाणी आणि नातवंडं म्हातारीकडेच. फ्रान्सच्या सिमोन द बोव्हुआर यांनी १९७० साली म्हातारपणावर मोठा ग्रंथ लिहिला. कमावणं थांबलं की समाज माणसाला बाजूला टाकतो, असं त्यांनी त्यात दाखवलं. पण सगळ्या बायांचं जगणं एकसारखं नसतं, त्यात जात बघावीच लागते, ही बाजू पुण्याच्या समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी १९९८ साली मांडली. भूमिहीन दलित म्हातारीला वय, बाईपण आणि जात हे तिन्ही एकदम भोगावं लागतं.

२०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची साधारण १० कोटी ४० लाख माणसं होती, आणि त्यात बाया पुरुषांपेक्षा जास्त होत्या. लग्नात नवरा वयानं मोठा असतो, म्हणून म्हातारपणी विधवा होणं बाईच्याच वाट्याला जास्त येतं. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजना १९८० साली सुरू झाली. तिचं आणि श्रावणबाळ योजनेचं मानधन २०२३ साली महिना १,५०० रुपये झालं. ते घ्यावंच. पण या कामी वयाचा दाखला लागतो, आणि जिची जन्माची नोंदच नाही तिला तहसीलला खेटे घालावे लागतात.

१९८९ साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक काढलं. चळवळीतल्या बायांना गाठून, त्यांच्या तोंडून ऐकून ते लिहिलं. नाहीतर ती माहिती त्यांच्याबरोबरच गेली असती. आपल्या तालुक्यातही हे काम व्हायला पाहिजे. विहारात दर पौर्णिमेला वस्तीतली एक म्हातारी बोलेल आणि शिकलेली एक पोरगी वहीत लिहून घेईल, एवढं आपल्याला जमण्यासारखं आहे. त्याच दिवशी तिच्या पेन्शनचा अर्जही भरून द्यावा. सातबाऱ्यावर आणि घराच्या उताऱ्यावर तिचं नाव लावायची तयारी मात्र मुलांनी ठेवावी.

नमो बुद्धाय! जय भीम!